किर्कपिनार: तेलात न्हालेली कुस्ती

मंडळी, हाताला न लागणाऱ्या माणसाला आपण तेल लावलेला पैलवान म्हणतो ना, तसले खरेखुरे पैलवान बघायचे असतील तर तुर्कस्तानात एदिर्नेला जा. ग्रीस-बल्गेरियाच्या बॉर्डरजवळचं शहर आहे, तिथं दर उन्हाळ्यात किर्कपिनारच्या कुस्त्या भरतात, आखाडा मातीचा नाही, गवताचा, आणि एकाच वेळी कितीतरी जोड्या लागलेल्या असतात.

कथा अशी सांगतात की चौदाव्या शतकात ओटोमन सैन्यातले चाळीस शिपाई मुक्काम पडला की कुस्ती धरायचे, त्यातल्या दोघांची काही केल्या सुटेना, रात्रभर झुंजले आणि दोघंही जागीच गेले. त्यांना पुरलं तिथं पुढं झरे फुटले म्हणे. ती मूळ जागा आता ग्रीसमध्ये गेली, 1924 पासून मैदान एदिर्नेच्या सरायिचीत भरतं आणि 2010 साली युनेस्कोनं त्याला वारसा यादीत घेतलं.

मला सगळ्यात भावलं ते तेल लावणं. पैलवान आधी स्वतःला झारीतनं ऑलिव्ह ऑइल लावतो, पण पाठीला स्वतःचा हात पोचत नाही, तिथं तेल कोण लावतं? समोरचाच! ज्याला घटकाभरानं आपटायचंय त्याच्या पाठीवर हात फिरवून नीट तेल चोळायचं, कुठं कोरडं राहू द्यायचं नाही. मग जाझगीर नावाचा माणूस जोड्यांची ओळख करून देतो, दुवा म्हणतो, ढोल आणि झुर्ना, म्हणजे सनईसारखं वाद्य, सुरू होतात, पैलवान मांडीवर थाप मारत पुढं येतात.

अंगावर फक्त किस्पेत, म्हणजे जाड चामड्याची घट्ट विजार. अंगाला धरायला काही उरत नाही म्हणून पैलवान सरळ समोरच्याच्या किस्पेतमध्ये कोपरापर्यंत हात घालून पकड घेतो, आणि ते तिथं शंभर टक्के कायदेशीर. मनगट धरलं की सुटतं, मान धरली की निसटते, नुसती ताकद लावणारा दमून जातो. वजनगट नाहीत. पाठ टेकली आणि पोट आभाळाकडं झालं की हरला, किंवा उचलून तीन पावलं नेलं तरी हरला.

1975 पर्यंत वेळेचं बंधन नव्हतं, आता मुख्य पैलवानांना 40 मिनिटं, त्यात नाही सुटली तर पॉइंटवर. काही जुनी माणसं हळहळतात, पण मला हे बरोबर वाटतं, पोरांच्या जिवापेक्षा निकाल मोठा नाही. सलग तीन वर्षं मैदान मारलं की सोन्याचा पट्टा कायमचा तुमचा, आणि अहमेत ताशची या पैलवानानं तर 9 वेळा किताब घेतलाय.

जाणार असाल तर फक्त फायनलला जाऊ नका हो. पहिल्या दिवसापासून जा, बारक्या पोरांच्या कुस्त्या बघा, तीही एकमेकांच्या पाठीला तितक्याच मन लावून तेल लावतात.