मिरवणुकीचे साडेसव्वीस तास

मंडळी, निमंत्रणपत्रिकेत ‘थेट प्रक्षेपणाची नक्कल आणि प्लेअरची चाचणी’ असा विषय छापला आहे आणि मी त्यावरच बोलणार आहे. मात्र ही नक्कल कशासाठी करायची, हे विसर्जन मिरवणुकीत मी जे भोगले ते सांगितल्याशिवाय कळणार नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीचे थेट प्रक्षेपण हाती घेतले होते. अलका टॉकीज चौकाजवळच्या एका गच्चीवर कॅमेरा आणि जिन्याखाली एन्कोडर, म्हणजे चित्र प्रक्षेपणाजोगे करणारे यंत्र, अशी आमची मांडामांड होती. मानाचा पहिला गणपती अजून मंडईकडेच असताना, सकाळी दहाच्या ठोक्याला आम्ही यंत्र सुरू केले. रात्र सुरळीत गेली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला, टिपरू उगारलेल्या एका ढोलवादकावर चित्र जागीच थिजले. गंमत अशी की बराच वेळ कोणीच तक्रार केली नाही, कारण मंडळ चौकातून हलत नाही याचे पुणेकराला नवल वाटत नाही. अखेर नागपूरहून मावशीचा फोन आला, “अरे, त्या मुलाचा हात भरून येत नाही का?”

दोष असा होता. एमपीईजी ट्रान्सपोर्ट स्ट्रीममध्ये, म्हणजे चित्र-आवाज वाहून नेण्याच्या प्रमाणित साच्यात, प्रत्येक फ्रेमची वेळ 33 बिटांच्या आकड्यात, सेकंदाला 90,000 ठोके या हिशेबाने लिहिलेली असते. हा आकडा 26 तास 30 मिनिटे 43 सेकंदांनी भरतो आणि रिक्षाच्या जुन्या मीटरसारखा पुन्हा शून्यावर येतो. आमच्या प्लेअरला वाटले की प्रक्षेपणाचे नवे तुकडे कालच्या सकाळचे आहेत, आणि त्याने ते टाकून दिले. ज्यांनी हे प्रमाण ठरवले त्यांनी लक्ष्मी रस्ता पाहिला नसावा; पण आमची सर्वांत लांब चाचणीही आठच तासांची होती, हे मी कबूल करतो.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मूळ विषय आता धावतपळतच सांगतो.

थेट प्रक्षेपण म्हणजे प्लेअरच्या दृष्टीने घड्याळाबरोबर पुढे सरकणारी तुकड्यांची यादी असते. एचएलएस या इंटरनेटवरच्या प्रक्षेपणपद्धतीच्या यादीत शेवटाची खूण नसली की प्लेअर ती पुन्हापुन्हा मागवत राहतो. म्हणून कॅमेरा नकोच. दहा मिनिटांची फाइल सहा-सहा सेकंदांत कापावी, आत्ता कोणता तुकडा द्यायचा हे सर्व्हरने केवळ घड्याळावरून काढावे, आणि फाइल संपून पुन्हा सुरू होताना तुकड्यांवरच्या वेळा पुढच्या आकड्यांनी बदलून द्याव्यात, नाहीतर सांध्यावर ‘इथे वेळांचा क्रम तुटतो’ अशी खूण तरी टाकावी. सर्व्हर काही लक्षात ठेवत नसल्यामुळे, घड्याळ मागे नेले की तोच दोष हवा तेव्हा पुन्हा दाखवता येतो. मग मुद्दाम छळावे: यादी अडवून धरावी, एखादा तुकडा गहाळ करावा, लिनक्सच्या नेटेम या साधनाने जाळे मंद करून प्लेअर खालच्या दर्जावर वेळेत उतरतो का ते पाहावे.

आणि घड्याळ आपल्या हाती असल्यामुळे साडेसव्वीस तास जागायचेही कारण नाही. पडद्यावर जे प्रक्षेपण आहे त्याचा आकडा मी 95,400व्या सेकंदापासून, म्हणजे बरोबर साडेसव्वीस तासांपासून, सुरू करणार आहे. आयोजकांनी एक मिनिट दिले आहे. मला 43 सेकंद पुरतात. कृपया दिवे मालवा.