कोणाला कुठे पाठवायचं? ‘मास इफेक्ट २’ची तुकडी

[दृश्य: ओमेगा-४ रिले. नॉर्मंडी पलीकडे निघते. समोर फुटलेल्या जहाजांचा ढीग.]

या व्हिडिओ गेमची शेवटची मोहीम. रिले, म्हणजे अवकाशात लांब झेप घ्यायचं द्वार, ओलांडला की नॉर्मंडी या आपल्या जहाजाच्या वाटेत याआधी इथवर पोचलेल्या जहाजांचे सांगाडे येतात. मागे कलेक्टर या परग्रहवासी शत्रूंचे ऑक्युलस, म्हणजे उडती लढाऊ यंत्रं, लागलेत. एक किरण जहाजाच्या अंगावरून फिरतो. चिलखत भक्कम असेल तर तेवढ्यावर निभावतं. नसेल तर आत स्फोट होतो आणि तुकडीतली जॅक मरते.

या क्षणी कंट्रोलर हातात धरून काहीच करता येत नाही. जॅकचं काय होणार हे फार आधी ठरलेलं असतं, शस्त्रागारात जाऊन तुकडीतल्याच जेकब टेलरशी बोलणं झालं होतं का, यावर. भारी चिलखताची कल्पना त्याची. त्याने ती काढली की संशोधनाच्या टर्मिनलवर नोंद दिसते, आणि १५,००० पॅलेडियम मोजलं की काम होतं. ते मिळवायला ग्रहावरून स्कॅनर फिरवायचा, आलेख उसळला की तिथे प्रोब सोडायचा. काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये. शील्डची सुधारणा तुकडीतली टॅली सुचवते, तिलाही १५,००० पॅलेडियम. थॅनिक्स तोफेची कल्पना गॅरस या सहकाऱ्याची, तिला १५,००० प्लॅटिनम. यातलं जे राहील त्यापायी एकेक माणूस जातो, तळावर पाऊल पडण्याआधीच.

[दृश्य: नॉर्मंडीचे मजले, एकेक खोली.]

बायोवेअरचा ‘मास इफेक्ट २’ जानेवारी २०१० मध्ये आला. कलेक्टर मानवी वसाहती उचलून नेताहेत, आणि त्यांच्या तळावर धडक मारण्यासाठी कमांडर शेपर्डला तुकडी जमवायची आहे. मूळ गेममधले दहा, आणि डीएलसीतून, म्हणजे वेगळ्या डाउनलोड भागांतून, येणारे झाईद आणि कासुमी, असे बारा जण.

कोण कुठे बसतं ते पाहा. थेनला श्वसनाचा जीवघेणा आजार आहे, दमट हवा त्याला चालत नाही, म्हणून तो कोरड्या लाइफ सपोर्टमध्ये. जॅक लहानपणापासून प्रयोगशाळेत आणि तुरुंगात कोंडली गेली. ती इंजिनांच्याही खाली, जहाजातल्या सगळ्यांत अंधाऱ्या कोपऱ्यात पाय दुमडून. समारा निरीक्षण-कक्षात, समोर फक्त अवकाश. लीजन नावाचा गेथ, म्हणजे विचार करणारं यंत्र, एका शरीरात १,१८३ प्रोग्रॅम, तो एआय कोअरमध्ये उभा. बसतच नाही, त्याला बसायची गरज नाही. गॅरस मुख्य तोफेपाशी, आणि बोलायला गेलं की बहुतेक वेळा कॅलिब्रेशनमध्ये गुंतलेला. प्रत्येक मिशननंतर हे सगळे मजले एकदा फिरायचे. लिफ्टने चार थांबे आहेत, कोणाचाही दरवाजा सोडायचा नाही.

असं फिरत राहिलं की प्रत्येकाची लॉयल्टी मिशन, म्हणजे त्याची निष्ठा मिळवून देणारी खासगी मोहीम, उघडते. इथे या गेमच्या लेखकांनी जे केलं ते फार थोड्या लष्करी गेमना जमलंय. समाराच्या मिशनमध्ये लढाई नाही. क्लबमध्ये हत्याराविना जायचं, आणि तिच्या खुनी मुलीला आपण आवडू असं बोलायचं. थेनच्या मिशनमध्येही लढाई नाही. एका राजकारण्याच्या डोक्यावरच्या अरुंद पुलांवरून त्याचा माग काढत जायचं, कारण त्याला मारायला थेनचाच मुलगा निघालाय.

[दृश्य: टुचांका. पडक्या रुग्णालयात मॉर्डिन एका मृत क्रोगन स्त्रीपाशी.]

मॉर्डिन सोलस. सॅलेरियन या परग्रही जातीचा शास्त्रज्ञ, माजी गुप्तदल सैनिक. भराभर बोलतो, कर्ता गाळून, अर्ध्या वाक्यांत. सॅलेरियन जेमतेम चाळीस वर्षं जगतात, आणि त्याच्या बोलण्याला तीच घाई आहे. क्रोगन या दुसऱ्या परग्रही जातीची संख्या रोखणाऱ्या जेनोफेज या रोगाची सुधारित आवृत्ती बनवण्यात त्याचा हात होता. हजारात एकच गर्भ टिकतो, ते या रोगामुळे. प्रयोगशाळेत विचारलं तर तो आकडेवारी देतो, मॉडेलं सांगतो, निर्णय बरोबर होता म्हणतो. मग क्रोगनांच्या टुचांका ग्रहावर त्याचाच शिष्य मेलॉन सापडतो. क्रोगनांनी पळवून नेलेला नव्हे, आपणहून आलेला, इलाज शोधायला. आणि त्या शोधासाठी त्यानेही माणसांवर आणि क्रोगन स्त्रियांवर जीवघेणे प्रयोग केलेत. मॉर्डिन पिस्तूल रोखतो. इथे पॅरागॉनचं, म्हणजे सज्जन वागण्याचं, चिन्ह क्षणभर चमकतं, ते दाबलं नाही तर मेलॉन संपतो. त्यानंतर मेलॉनची माहिती जपायची की पुसायची हे ठरवायचं. माहिती जपा. तिचा उपयोग पुढच्या भागात आहे.

[दृश्य: कलेक्टर तळ. सगळी तुकडी नकाशाभोवती.]

आता खरी परीक्षा. कोणी तरी हवेच्या नळीतून पुढे जाऊन दारं उघडायची आहेत, आणि दुसऱ्या तुकडीला नायक हवाय. पडद्यावर फक्त चेहऱ्यांची यादी येते. कोणापुढे आकडा नाही.

जेकब लगेच ‘मी जातो’ म्हणतो. धाडस आहे, पण त्याला ते जमणार नाही, आणि मिरांडा तिथेच सांगते की टेक एक्सपर्ट पाठवा. योग्य नावं तीनच: टॅली, लीजन, कासुमी. तीही लॉयल असतील तरच. बाकी कोणालाही पाठवलं तर दार बंद होता होता रॉकेट थेट त्याच्यावर येतं. नळीतले व्हॉल्व्ह वेळेत उघडले नाहीत तरीही तेच. नायक चुकला, तर त्याला काही होत नाही. मरतो तो नळीतला.

नायकासाठी गॅरस, मिरांडा, जेकब. झाईदचं नाव अनेकांना पटतं, कारण ब्लू सन्स ही भाडोत्री टोळी उभी करणाऱ्या दोघांतला तो एक. पण त्याच्या खोलीत त्याने सांगितलेले किस्से आठवा. मोहीम पार पडते आणि परत येतो तो एकटा झाईद. गॅरसनेही ओमेगा या अवकाशस्थानकावर आपली तुकडी गमावली, पण दगा देणाऱ्या सिडोनिसचं नाव त्याच्या डोक्यातून जात नाही, आणि गेलेल्या प्रत्येकाचा हिशेब तो स्वतःकडे मागतो. लेखकांनी उत्तर पात्राच्या बोलण्यात ठेवलंय. ज्याने ऐकलं त्याला ते सापडतं.

[दृश्य: किड्यांचे थवे. निळसर कवचाखाली चालणारी तुकडी.]

दुसरा टप्पा, बायोटिक कवच. मिरांडा म्हणते, तत्त्वतः कोणताही बायोटिक, म्हणजे अंगच्या शक्तीने कवच उभारू शकणारा, हे करू शकेल. तत्त्वतः. प्रत्यक्षात जॅक किंवा समारा, किंवा समाराऐवजी घेतलेली तिची मुलगी मॉरिंथ. थेन, जेकब किंवा खुद्द मिरांडाला उभं केलं तर शेवटच्या काही पावलांवर कवच विरतं आणि शेपर्डबरोबरच्या दोघांपैकी एकाला थवा उचलून नेतो. पुन्हा चूक एकाची, जीव दुसऱ्याचा.

जॅक आणि मिरांडा यांचं भांडणही इथे नडतं. दोघींच्या लॉयल्टी मिशन झाल्या की त्या एकमेकींवर धावून जातात, आणि पॅरागॉन किंवा रेनेगेड (कठोर वागण्याचे) गुण पुरेसे नसतील तर एकीची बाजू घ्यावी लागते, दुसरीची निष्ठा जाते. टॅली आणि लीजनचंही तसंच. म्हणून गुण साठेपर्यंत या जोड्यांतली दुसरी मिशन मागे ठेवावी.

[दृश्य: बंद दारापुढे तुकडी, चारी बाजूंनी गोळीबार.]

शेवटी शेपर्ड दोघांना घेऊन पुढे जातो आणि बाकीचे दार राखतात. इथे गेमने एक हिशेब दडवलाय. ग्रंट, झाईद, गॅरस यांना प्रत्येकी ४ गुण. जेकब, मिरांडा, लीजन, समारा, मॉरिंथ, थेन यांना २. जॅक, कासुमी, टॅली, मॉर्डिन यांना १. निष्ठा नसेल तर प्रत्येकी एक वजा. पाच किंवा जास्त जण दारावर असतील तर सरासरी २ किंवा वर लागते. त्याखाली १.५ पर्यंत एक मरतो, ०.५ पर्यंत दोन, त्याहून कमी असेल तर तीन.

नेहमी होणारी चूक मांडून पाहू. बाराही लॉयल आहेत. कलेक्टरांनी पळवलेले आपले खलाशी तळावर सोडवले, मॉर्डिनला त्यांच्याबरोबर परत पाठवलं. शेवटची लढाई अवघड असणार म्हणून गॅरस आणि ग्रंट बरोबर घेतले. दारावर नऊ जण उरले, गुण १७. सरासरी १.८९. एक जाणार, आणि या गणितात मॉर्डिननंतरचं पहिलं नाव टॅलीचं असतं. त्याऐवजी टॅली आणि जॅकला बरोबर घ्या. दारावर तेवढेच नऊ, गुण २३, सरासरी २.५६. सगळे वाचतात. भक्कम माणसं मागे ठेवायची आणि नाजूक माणसं आपल्या नजरेसमोर. पण बरोबरच्या दोघांची निष्ठा हवीच, नाहीतर ढिगाऱ्याखालून ते उठत नाहीत.

मॉर्डिनला १ गुण देणं अन्यायाचं आहे. गुप्तदलात लढलेला माणूस आहे तो. आणि आणखी एक उणीव या गेममध्ये ठळक आहे: ही बारा माणसं शेपर्डशी बोलतात, एकमेकांशी जवळपास नाहीच. दोन भांडणं सोडली तर प्रत्येकाचं आयुष्य त्याच्या खोलीपुरतं. तिसऱ्या भागात जहाजावरची माणसं जहाजभर फिरतात, एकमेकांच्या दारात उभी राहून गप्पा मारतात. ते इथेच हवं होतं.

[दृश्य: झेप घेणारा शेपर्ड, पुढे आलेला हात.]

पळवलेल्या खलाशांसाठी लगेच निघालं तर सगळे वाचतात. मध्ये एक ते तीन मिशन केल्या तर निम्मे, जास्त केल्या तर फक्त डॉक्टर चाक्वास. इथे मेलेलं माणूस तिसऱ्या भागात नसतं. मॉर्डिनच्या जागी दुसरा सॅलेरियन येतो. किमान दोघं जण वाचली नाहीत तर शेपर्डला जहाजात ओढून घ्यायला कोणी उरत नाही, आणि ती सेव्ह फाइल पुढच्या भागात नेता येत नाही.