मार्खाच्या खोऱ्यात पाण्याची पाळी

श्रोतेहो, नमस्कार.

लडाखी भाषेत ‘रेस’ असा एक छोटा शब्द आहे. आपल्या कानाला तो शर्यतीसारखा ऐकू येतो, पण तिथे त्याचा अर्थ होतो पाळी. पाण्याची पाळी ती ‘छु-रेस’ आणि शेळ्या राखायची पाळी ती ‘रा-रेस’. हा शब्द मी शिकले ते मार्खा खोऱ्यातल्या हांकर गावात, सातूच्या शेताच्या बांधावर उभी राहून. तिथे आमचा मुक्काम खरं तर एकाच रात्रीचा ठरला होता. एक दिवस जास्त राहावं लागलं, आणि त्या जास्तीच्या दिवसाबद्दलच आज मला तुमच्याशी बोलायचं आहे.

पण सुरुवात लेहपासून करायला हवी, कारण या वाटेवर बहुतेकांची चूक होते ती तिथेच. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी लेह वरच राहतं, आणि दिल्लीहून विमान आपल्याला तिथे तासा-दीड तासात नेऊन सोडतं. हवेत ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी, म्हणून एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश. मग शरीर श्वासाचा वेग वाढवतं. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि हा बिघडलेला तोल मूत्रपिंडं हळूहळू सावरतात. तिथे वारंवार लघवीला होतं त्यामागे हेही एक कारण आहे. रात्री झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि माणूस दचकून उठतो, तेही उंचीवर नेहमीचंच. हे सगळं सावरायला वेळ लागतो. रोज दहा किलोमीटर पळणाऱ्यालाही लागतो. म्हणून लेहमध्ये किमान दोन दिवस काहीही न करता राहा. बाजारात सावकाश फिरा, पाणी पीत राहा, लवकर झोपा. ते दोन दिवस वाया गेले असं वाटू देऊ नका.

मार्खाचं खोरं लेहच्या दक्षिणेला, स्टोक आणि झांस्कर या डोंगररांगांच्या मधे आहे. 1981 साली स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानात ते येतं. आम्ही चिलिंगहून आत शिरलो. चिलिंग हे तांब्या-पितळेचं काम करणाऱ्या कारागिरांचं गाव. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात शे इथली बुद्धमूर्ती घडवायला नेपाळहून आले, असं तिथे सांगतात. चिलिंगला झांस्कर नदी ओलांडली की पूर्वी पायवाटच होती. आम्ही गेलो तेव्हा स्कियू गावापर्यंत गाडी जात होती आणि रस्ता पुढे सरकतच होता. चालणाऱ्यांना याचं वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण आजारी माणसाला पाठीवर किंवा घोड्यावर घालून दोन दिवस चालत न्यायचं म्हणजे काय, हे तिथल्या माणसांनी सोसलंय. त्यांचा रस्ता त्यांना मिळायलाच हवा.

स्कियू ते मार्खा हा लांबचा पल्ला, सात-आठ तासांचा. दोन्ही बाजूंना उघडे, तपकिरी, कुठे जांभळट डोंगर आणि तळाशी नदी. लेहला वर्षभरात मिळून जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस पडतो. इथलं ऊनही तसंच कोरडं, गवताची काडी दिसत नाही. आणि मग एखादं वळण घेतलं की अचानक हिरवा तुकडा समोर येतो. विलो आणि पॉप्लरची झाडं, सातूची शेतं, पांढरी घरं. तो हिरवा रंग जिथे संपतो तिथे अगदी सुरीने कापल्यासारखा संपतो. मला वाटायचं, तिथे माती बदलत असेल. माती तीच असते. पाट तिथे संपलेला असतो.

या वाटेवर नदी पायांनी ओलांडावी लागते, ती सकाळीच ओलांडायची. ऊन चढतं तसा वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी गुडघ्याला लागणारं पाणी दुपारी मांडीपर्यंत येतं. आमच्या घोडेवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “बूट काढा, पण अनवाणी उतरू नका.” सँडल घालायच्या, सॅकचा कमरेचा पट्टा सोडायचा, तोंड प्रवाहाकडे ठेवायचं आणि एकमेकांचे दंड धरून आडवं सरकायचं. तीन-चार पावलांत पायांची जाणीव जाते. पलीकडे पोचल्यावर ती परत येताना जी कळ येते, ती सांगून समजायची नाही.

मार्खा गावातला पडका किल्ला आणि त्यापुढे कड्याच्या टोकावर बसवलेला तेचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, पाहून आम्ही चौथ्या दिवशी हांकरला पोचलो. उंची सुमारे 4,000 मीटर. त्या रात्री आमच्यातला सर्वांत धडधाकट गडी जेवला नाही. “भूक नाही,” एवढंच म्हणाला. घोडेवाल्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, “डोकं कधीपासून दुखतंय?” दुपारपासून दुखत होतं. आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल म्हणून तो बोलला नव्हता. श्रोतेहो, उंचीवर हे मौन फार घातक असतं. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही पहिली खूण. पुढे तोल जायला लागला, बसल्या जागी धाप लागली, तर प्रश्न फुप्फुसांचा किंवा मेंदूचा असतो आणि मग रात्र असो की दिवस, खाली उतरायचं. डोकं दुखत असताना वर चढायचं नाही, हा नियम साधा आहे. आम्ही थांबलो. दुखणं वाढलं तर मार्खाला परतायचं ठरलं.

सकाळी त्याला बरं वाटत होतं, पण तो दिवस तिथेच काढायचा होता. घरधनीण, जिला आम्ही आमा-ले म्हणत होतो, फावडं घेऊन निघाली. मी विचारलं, येऊ का? ती हसली आणि “जुले” म्हणाली. लडाखीत या एका शब्दात नमस्कारही येतो आणि धन्यवादही. मी तिच्या मागोमाग गेले.

पाट म्हणजे डोंगराच्या कुशीतून आणलेली हातभर रुंदीची चारी. सिमेंट नाही, लोखंडी दार नाही. शेताच्या तोंडाशी गवताच्या मुळांसकट कापलेली मातीची ढेकळं आणि दोन चपटे दगड. ती कठड्यावर बसून राहिली. पाट जवळजवळ कोरडा होता. मी घड्याळ पाहत होते, ती कांग यात्से या बर्फाच्या शिखराच्या बाजूला पाहत होती. चारच्या सुमारास चारीत पाण्याची जीभ आली, पुढे काड्या आणि फेस ढकलत. ती उठली. एक दगड उचलला, ढेकूळ फावड्याने बाजूला सारलं, आणि पाणी सातूत शिरलं. पहिला वाफा भरला की ढेकूळ इकडून तिकडे, दुसऱ्याचं तोंड मोकळं. आपल्याकडे याला दारं धरणं म्हणतात. आमा-लेचे हात नेमकं तेच करत होते आणि इतक्या सवयीने करत होते, की एकदाही ढेकूळ हातातून फुटलं नाही.

थोड्या वेळाने वरून एक माणूस आला, दोघं काही बोलले, आणि तिने शेवटचा वाफा अर्धा भरला असताना तोंड बंद केलं. मी खुणेनेच विचारलं, का? तिने खालच्या घराकडे बोट केलं आणि म्हणाली, “छु-रेस.” पाळी संपली होती. तो माणूस छुरपोन, म्हणजे आपला पाटकरी. कोणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं ते तो पाहतो, आणि ते कामही घराघरांत फिरत राहतं. अर्धा वाफा कोरडा होता, पण तिने मागे वळून पाहिलं नाही. फावडं खांद्यावर टाकून ती चुलीकडे निघाली. मी मात्र तो कोरडा तुकडा कितीतरी वेळ पाहत उभी होते.

नंतर या पाळीची खूण जागोजागी दिसू लागली. या खोऱ्यात प्रवाशांना घरी ठेवायची पद्धत 2000 नंतरच्या काही वर्षांत रुजली. त्याच्या मुळाशी हिमबिबट्या आहे, लडाखीत ‘शान’. उघड्या गोठ्यात उतरून तो एका रात्रीत कित्येक मेंढ्या मारतो, आणि मग चिडलेली माणसं त्याला मारायची. गोठ्यांवर जाळ्या बसल्या, बिबट्या पाहायला आणि खोरं चालायला येणाऱ्या पाहुण्यांचे पैसे घरात येऊ लागले, तसा हा राग पुष्कळ निवळला. पाहुणेही अनेक गावांत पाळीने वाटले जातात. म्हणून एखाद्या घरासमोर उभं राहून “आम्हाला तेच हवं” असा हट्ट करू नका. ज्या घराची पाळी, तिथे जा. चूल तशीच असेल, मागे फळीवर तांब्या-पितळेची भांडी तशीच चमकत असतील, आणि तिथेही तुम्हाला ‘गुर-गुर’ म्हणजे लोण्याचा खारा चहा आणि खंबीर नावाची जाड भाकरी मिळेल.

आणखी एक सांगते. तिथला संडास पाण्याशिवायचा असतो. वरच्या खोलीत जमिनीला भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. वापर झाला की माती टाकायची. वर्षभराने तेच खत सातूच्या शेतात जातं. त्यात ओले टिश्यू, सॅनिटरी पॅड, प्लास्टिक टाकणं म्हणजे आमा-लेच्या वाफ्यात टाकणं. तुमचा कचरा पिशवीत घालून लेहला परत आणा. एवढं कराच.

पुढचा मुक्काम थाचुंगत्से, मग निमालिंग. निमालिंग म्हणजे 4,800 मीटरवरचं विस्तीर्ण कुरण. उन्हाळ्यात खालच्या गावांतली माणसं याक आणि मेंढ्या घेऊन इथे दगडी आडोशात राहतात, दूध काढतात, छुरपी म्हणजे सुकं चीज वाळवतात. रात्री तंबूवर बर्फाची साय धरली होती. सकाळी ओढ्याच्या कडेचं पाणी गोठून गप्प झालं होतं.

कोंगमारू ला ही खिंड सुमारे 5,200 मीटरवर आहे. तिथे ऑक्सिजन समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा. वीस पावलं चालायचं, थांबायचं, पुन्हा वीस पावलं. आमचा डोकेदुखीवाला गडी सर्वांच्या पुढे होता. माथ्यावर पताका फडफडत होत्या. घोडेवाल्याने “की की सो सो ल्हारग्यालो” अशी आरोळी दिली, देवांचा विजय असो, आणि आम्ही उरलेल्या श्वासात ती पुन्हा दिली. पलीकडे चोकदोची अरुंद घळ आणि त्याखाली शांग सुमदोला आमची गाडी.

उतरण्याआधी मी मागे वळले. समोर 6,400 मीटरचा कांग यात्से उन्हात उभा होता, आणि त्याच्या पायथ्याच्या बर्फाखालून एक काळी ओली रेघ निमालिंगच्या ओढ्याकडे निघाली होती. नऊ वाजले होते. हांकरच्या पाटात पाणी यायला अजून सात तास होते, आणि आज खालच्या घराची पाळी होती.