भर दुपारी

(पडद्यावर: यंत्रमागांचा कारखाना. मागांचा खडखडाट पूर्ण आवाजात. आवाज हळूहळू खाली येतो, मग निवेदन.)

फोटोग्राफीच्या क्लासला पहिल्याच दिवशी एक गोष्ट घोटून घेतात. सूर्य उगवला की तासभर फोटो काढा, मावळायच्या आधी तासभर काढा. गोल्डन अवर म्हणतात त्याला. मधल्या वेळेत कॅमेरा बॅगेत. ऊन कडक असतं, सावल्या काळ्याकुट्ट पडतात, डोळ्यांच्या खोबणीत नुसता अंधार दिसतो. हे सगळं खरं आहे. पण मी सोलापूरचा. आमच्याकडं मार्चपासून सकाळी नऊलाच चटके बसायला लागतात आणि मे महिन्यात पारा 44 अंशांपर्यंत जातो. मधली वेळ सोडायची म्हटली तर सोलापूरच सोडावं लागेल.

मी प्रवासातले फोटो काढतो. डोंगर, वाळवंटं, शहरं, देशातली आणि बाहेरची. आणि जिथं जाईन तिथं माझी आवडती वेळ भर दुपारची. बरोबरीचे फोटोग्राफर हसतात. हसू देत.

(पडद्यावर: लग्नाच्या मांडवातले जुने फोटो.)

ही सवय लागली लग्नांचे फोटो काढण्यामुळे. मुहूर्त असतो बारा वाजून पस्तीस मिनिटांचा. वर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव, त्यातून ऊन गाळून येतं, आणि नवरीचा अर्धा चेहरा लाल तर अर्धा हळदीपेक्षा पिवळा. "गुरुजी, जरा साडेपाचला घेता का मुहूर्त, उजेड छान असतो," असं म्हणणारा फोटोग्राफर अजून जन्माला यायचाय. मंगलाष्टकं संपून अंतरपाट खाली येतो त्या क्षणी जो उजेड मिळेल तो आपला. मग तुम्ही शिकता. नवरीला अर्धं पाऊल पुढं घ्यायचं, समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून किंवा कुणाच्या तरी मामांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावरून परतणारा उजेड तिच्या चेहऱ्यावर कसा येईल ते बघायचं. स्टुडिओत रिफ्लेक्टर म्हणतात त्याला. आमच्याकडं मामा असतात.

माझं परदेशी फिरणंही लग्नांच्या पैशावरच चालतं. तेव्हा वेळापत्रक पंचांगाचं. चातुर्मास लागला, मुहूर्त बंद झाले की मी मोकळा. पौषात पुन्हा थोडी फट सापडते. कोण म्हणतं पंचांग फक्त लग्नाळूंना लागतं?

(पडद्यावर: रोम. पँथिऑनचा घुमट, आतून.)

हे रोममधलं पँथिऑन. सम्राट हेड्रियनच्या काळातलं, म्हणजे जवळजवळ 1,900 वर्षांपूर्वीचं. घुमटाचा व्यास 43.3 मीटर, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. माथ्यावर आठ-नऊ मीटरचं गोल भोक. त्याला काच नाही, झाकण नाही. आत येणारा उजेड मुख्यतः तिथूनच. पाऊस आला की पाणी सरळ आत पडतं, ते वाहून जायला फरशीत छिद्रं ठेवलेली आहेत.

21 एप्रिलला, म्हणजे रोमचा परंपरेनं मानलेला स्थापनादिन, भर दुपारी त्या भोकातून आलेला उजेड बरोबर दारावर पडतो. सम्राट त्या वेळी दारातून आत येत असेल, असं काही अभ्यासक मानतात. आता 21 एप्रिलला मी कुठं असणार? सोलापुरात, कुठल्यातरी मंगल कार्यालयात, वरमाईच्या पाठीमागं. पण सूर्य उत्तरेकडं जाताना आकाशात ज्या उंचीवरून जातो, परतताना पुन्हा त्याच उंचीवरून जातो. एप्रिलमधली ती उंची ऑगस्टच्या 21-22 तारखेला परत सापडते. आणि ऑगस्टमध्ये चातुर्मास! घड्याळात एक वाजून गेल्यावर तिथली खरी माध्यान्ह होते, कारण उन्हाळ्यात त्यांची घड्याळं तासभर पुढं असतात. तोवर बरेच लोक फोटो काढून जेवायला गेलेले. उजेडाचा मोठा गोळा भिंतीवरून सरकत दाराकडं आला आणि बाहेरून येणारा प्रत्येक जण, हातात पाण्याची बाटली, डोक्यावर टोपी, क्षणभर सम्राटासारखा उजळून निघाला. मग सावलीत जाऊन पुन्हा पर्यटक झाला.

ज्या हिशेबानं तो उजेड दोनदा येतो, त्याच हिशेबानं सोलापुरात वर्षातून दोनदा सावली गायब होते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा आणि ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा. दुपारी साडेबाराच्या सुमाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि सरळ उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडातच राहते. ऑगस्टमध्ये बहुतेक वेळा ढग असतात. मे महिन्यात मात्र चुकत नाही.

(पडद्यावर: फेझ, मोरोक्को. चामडं कमावण्याचे हौद, वरून.)

मोरोक्कोतल्या फेझ शहरातला हा चुआरा. चामडं कमावण्याची जुनी जागा. भोवती उंच घरं, मधे खोलात दगडी हौद. पांढऱ्या हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा कालवलेलं पाणी असतं, त्यानं कातडं मऊ पडतं. बाकीच्या हौदांत रंग. चामड्याच्या दुकानांच्या गच्चीवरून बघायचं, आणि गच्चीवर चढताना दुकानदार हातात पुदिन्याची काडी देतो, नाकाला लावायला. वास काय असतो ते फोटोत येत नाही, हे चुआराच्या फोटोंचं मोठं भाग्य.

सकाळी अर्ध्या हौदांवर घरांच्या सावल्या पडलेल्या असतात. ऊन डोक्यावर आलं की उजेड तळापर्यंत उतरतो आणि मग रंग दिसतात. पण मला तिथं एक गोष्ट खटकते, ती सांगून टाकतो. वरून काढलेल्या फोटोत माणसं नक्षीसारखी दिसतात. मांडीपर्यंत त्या पाण्यात उभं राहून कातडी तुडवणारा माणूस म्हणजे रंगपेटीतला एक ठिपका. सुंदर दिसतो, आणि म्हणूनच जरा खोटा. मी वरचे फोटो काढले, विकलेही. पण भिंतीवर लावलाय तो एका कारागिराच्या नुसत्या हातांचा, त्याला विचारून, जवळून काढलेला. नखांत पिवळा रंग कायमचा बसलेला आहे.

(पडद्यावर: बर्फ, निळा उजेड.)

नॉर्वेतल्या ट्रोम्सोत याच्या अगदी उलट. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. तिथं दुपार हीच दिवसाची सगळी पुंजी. अकराच्या सुमाराला दक्षिणेकडं गुलाबी रेघ उमटते, बर्फ निळा होतो, दोन-अडीच तासांत खेळ संपतो. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. आणि बाहेरून खोलीत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा, नाहीतर ऊबदार हवेतली वाफ थंड लेन्सवर जमते. पिशवीवर जमू दे, लेन्सवर नको. आईचा फोन आला होता. "दीड वाजता अंधार? मग तिकडची माणसं जेवतात कधी रे?" मी म्हटलं, "भूक लागल्यावर." ते तिला पटलं नाही.

पौषातली ही फेरी आटोपती घ्यावी लागते. गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेला, परत यायचंच असतं.

(पडद्यावर: सिद्धेश्वर तलाव, नंदीध्वज.)

संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा भरते. मानाचे सात नंदीध्वज, ते पेलणारे भक्त पांढऱ्या बाराबंदीत, आणि अक्षता सोहळा संमती कट्ट्यावर, दुपारच्या उन्हात. सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह. संमती वाचली जाते, "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" असा गजर होतो आणि हजारो हात एकदम वर जातात.

इथं कॅमेरा फसतो. समोर सगळंच पांढरं असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो करडा करून टाकतो. म्हणून मुद्दाम एखादा स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्यायचा, मग बाराबंदी धुतल्यासारखी दिसते. आणि काळ्या सावल्यांना काळंच राहू द्यायचं. हवेतले तांदळाचे दाणे त्या काळ्यासमोरच उठून दिसतात. संध्याकाळच्या मऊ उजेडात हा फोटो पिवळट होऊन पसरला असता.

दुपार सगळीकडं चालते असं नाही हं. तुर्कस्तानात कापाडोकियाला बलून पहाटेच उडतात, कारण तेव्हा वारा शांत असतो. तिथं दुपारी फक्त चहा प्यायचा. आणि कॅलेंडर छापणाऱ्यांना मावळतीच लागते, बारा महिने बारा मावळती. आयफेल टॉवरची मात्र गंमत आहे. टॉवर बांधणारा आयफेल 1923 साली वारला, त्यामुळं दिवसाच्या फोटोवर कुणाचा हक्क उरलेला नाही. रात्रीची रोषणाई मात्र 1985 नंतरची, तिच्यावर हक्क सांगितला जातो, आणि धंद्यासाठी तो फोटो वापरायचा तर परवानगी काढावी लागते. दुपारचा आयफेल फुकट.

(पडद्यावर: ल्यों, क्रुआ-रूसची टेकडी. उंच खिडक्यांच्या इमारती.)

फ्रान्समध्ये मला जायचं होतं ते ल्योंला. जोसेफ मारी जॅकार्डचं हे गाव. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवरून नक्षी विणायचं त्याचं यंत्र 1804 सालचं. सोलापुरी चादरीवरची फुलं-पानं त्याच पद्धतीनं उमटतात. क्रुआ-रूसच्या टेकडीवर रेशीम विणणाऱ्यांची घरं आहेत, छत चार-चार मीटर उंच, कारण मागावर जॅकार्ड बसवलं की तेवढी उंची लागते. खिडक्याही तशाच लांबच लांब, उजेडासाठी. याच विणकरांनी 1831 साली मजुरीच्या दरासाठी बंड केलं होतं. आता ती घरं मोक्याची आणि महागडी. एका ठिकाणी जुना माग चालवून दाखवतात, तो सुरू झाला आणि बरोबरचे पर्यटक दचकून मागं सरले. मी पुढं सरकलो. सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला तो आवाज अंगाईसारखा.

ल्योंच्या उत्तरेला सँ-लू-द-व्हारेन नावाचं खेडं आहे. 1826-27 च्या सुमाराला निसेफोर न्येप्सनं तिथल्या खिडकीतून जो फोटो काढला, तो निसर्गाच्या दृश्याचा आज टिकून असलेला जगातला सर्वांत जुना फोटो. तो ज्या पत्र्यावर उमटला, तो मूळ पत्रा सध्या अमेरिकेत, टेक्सासमध्ये आहे. त्यात समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन दिसतं, कारण कॅमेरा इतके तास उघडा होता की तेवढ्यात सूर्य एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला. म्हणजे फोटोग्राफीची सुरुवातच दुपार पोटात घेऊन झालेली आहे. गोल्डन अवरवाले नंतर आले.

(पडद्यावर: पुन्हा कारखाना. काचेच्या कौलातून उतरलेला उजेड.)

अमेरिकेत ॲरिझोनात अँटिलोप कॅनियन नावाची अरुंद घळ आहे, नव्हाहो लोकांच्या जमिनीवर. त्यांचा गाइड घेतल्याशिवाय आत जाता येत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी वरच्या फटीतून उजेडाचा झोत खाली येतो. पण हवा स्वच्छ असेल तर तो दिसतच नाही. मग गाइड मूठभर वाळू उधळतो, झोत उभा राहतो, सगळे फोटो काढतात. उजेड दिसायला हवेत काहीतरी असावं लागतं.

सोलापुरात वाळू उधळावी लागत नाही. पत्र्याच्या नाहीतर कौलाच्या छपरात एखादं काचेचं कौल असतं, बारा-साडेबाराला त्यातून उजेड सरळ मागावर उतरतो, आणि हवेत रुईचे तंतू इतके की तो हातानं धरता येईल असं वाटतं. माग चालवणारे अण्णा त्या उजेडाखाली उभे असतात. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं पळतो, त्याचं लोखंडी टोक क्षणभर चमकतं. धागा तुटतो. अण्णा माग थांबवतात, दोन्ही टोकं चिमटीत घेतात, गाठ मारतात, माग सुरू. त्यांच्या भुवयांवर, पापण्यांवर पांढरी रुई बसलेली. लेन्स बदलायची तर मी कारखान्याबाहेर जातो, नाहीतर सेन्सरवर तंतू चिकटतात.

माझ्या कॅमेऱ्यासाठी मी बाहेर जातो. अण्णा आतच असतात. कापसाच्या या धुळीनं वर्षानुवर्षांत फुप्फुसं निकामी होऊ शकतात, त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. माझ्या सगळ्यांत गाजलेल्या फोटोतला उजेड त्याच धुळीवर उभा आहे. तो फोटो लावताना आता मी खाली ही माहिती छापतो. प्रदर्शनवाल्यांना ते आवडत नाही, मूड जातो म्हणतात.

मोठी प्रिंट काढून अण्णांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा पुसला. रुमाल नाकावर बांधत जा, असं मी सांगत होतो, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, छपराजवळ बोट ठेवून ते म्हणाले, "हे बघा, ही चीर. पावसात इथनंच गळतंय, सुताच्या बीमवर पाणी पडतंय. मालकाला किती वेळा सांगितलं, विश्वास बसंना. हा फोटो राहू दे माझ्याकडं. मृग लागायच्या आत कौल बदलून घेतो."