पिशवीची जाडी, बाटलीची अनामत

नमस्कार मंडळी. सुरुवात एका हिशेबाने करतो. ४० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच अशी साधी पॉलिथिनची पिशवी घ्या, २० मायक्रॉन जाडीची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दोन्ही बाजू धरल्या तर प्लास्टिक लागतं ०.४ चौरस मीटर आणि वजन भरतं साडेसात ग्रॅमच्या आसपास. किलोभर भंगार जमवायचं तर अशा १३० पिशव्या वाकून उचलाव्या लागतील, त्याही माती-पाणी झटकून. तीच पिशवी १२० मायक्रॉनची केली की वजन ४५ ग्रॅमवर जातं आणि किलोला २२ पुरतात. कचरा वेचणाऱ्याचा हात कुठल्या पिशवीकडे जाईल, हे वेगळं सांगायला नको. भारतात पिशवीच्या किमान जाडीची अट २०१६च्या नियमांत ५० मायक्रॉन होती, सप्टेंबर २०२१च्या अखेरीपासून ती ७५ झाली आणि डिसेंबर २०२२च्या अखेरीपासून १२०. त्यामागे हेच गणित आहे.

आता हेच गणित उलटं मांडा. जाड पिशवी एकदाच वापरून फेकली, तर फेकलेलं प्लास्टिक सहापट झालं. कॅलिफोर्नियात नेमकं हे घडलं. तिथे २०१४ साली कायदा झाला, २०१६च्या सार्वमतात तो टिकला, पातळ पिशव्या दुकानांतून गेल्या. पण २.२५ मिल, म्हणजे साधारण ५७ मायक्रॉन जाडीची पिशवी 'पुन्हा वापरण्याजोगी' मानून विकायला परवानगी होती. लोकांनी ती घेतली आणि जुन्या सवयीने टाकून दिली. नगांची संख्या घटली, पण टाकलेल्या पिशव्यांचं वजन काही वर्षांतच बंदीआधीच्या वर गेलं. शेवटी २०२४ साली नवा कायदा करून ही फट बुजवावी लागली.

हे आधीच सांगायचं कारण असं की, कचरा कमी करणं आणि कचरा रिसायकल करणं ही दोन कामं सरकारी कागदावर जोडीने येतात, पण त्यांची हत्यारं वेगळी आहेत. काही वेळा तर ती एकमेकांच्या आड येतात. जाडी वाढवली की गोळा करणं सोपं होतं, वापर कमी होतोच असं नाही. कुठलाही नियम वाचताना तो या दोनांपैकी कुठलं काम करायला निघालाय, हे आधी पाहावं.

वापर कमी करायचा, तर सरळ रस्ता बंदीचा. बांगलादेशाने २००२ साली पातळ पॉलिथिन पिशव्यांवर बंदी घातली. १९८८ आणि १९९८च्या पुरांत तुंबलेल्या गटारांचा अनुभव त्यामागे होता. रवांडाने २००८मध्ये, केनियाने ऑगस्ट २०१७मध्ये बंदी आणली. केनियाच्या कायद्यात चार वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. युरोपीय संघाने ३ जुलै २०२१पासून प्लास्टिकच्या ताटल्या, काटे-चमचे, स्ट्रॉ, ढवळण्याच्या काड्या, कान कोरायच्या काड्या आणि फोमचे खाद्यडबे बाजारातून काढले. बंदी फसते ती बहुधा दोन ठिकाणी. पर्याय हाताशी नसला की चोरटी आवक सुरू होते. आणि व्याख्या ढिली असली की त्याच चमच्यावर 'पुन्हा वापरता येतो' असं छापून माल पुन्हा फळीवर येतो. किती वेळा धुतला तरी टिकला पाहिजे, हे आकड्यात लिहिलं नाही तर तपासनीसाने मोजायचं तरी काय?

दुसरा रस्ता पैशाचा, आणि त्यात आयर्लंडचं उदाहरण आजही अभ्यासण्यासारखं आहे. ४ मार्च २००२पासून तिथे प्रत्येक प्लास्टिक पिशवीवर १५ सेंटचा कर लागला. माणशी वर्षाला ३२८ पिशव्या लागत, त्या २१वर आल्या. आकारणी कशी केली ते बघा. कर उत्पादकाकडून न घेता थेट गल्ल्यावर घेतला, आणि बिलावर तो वेगळ्या ओळीत दाखवणं बंधनकारक केलं. दुकानदाराने 'मी भरतो तुमच्या वतीने' म्हणून तो किमतीत मुरवला असता, तर पिशवी पुन्हा फुकटच वाटली असती. ताज्या मांस-मासळीच्या, सुट्या फळांच्या छोट्या पिशव्यांना सूट दिली, त्यामुळे स्वच्छतेच्या नावाने होणारी ओरड उरली नाही. काही वर्षांत १५ सेंटची टोचणी बोथट झाली, वापर हळूहळू वर सरकला, म्हणून जुलै २००७पासून कर २२ सेंट केला. टोचायचं बंद झालेला कर म्हणजे नुसती वसुली!

पर्यायांबद्दलही एक गोष्ट ओघाने सांगून टाकतो, कारण कापडी पिशवी म्हटलं की लगेच टाळ्या पडतात. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हवामानावरचा परिणाम मोजला होता. एकदा वापरलेल्या पातळ पिशवीशी बरोबरी साधायला कागदी पिशवी तीनदा वापरावी लागते, न विणलेल्या पॉलिप्रोपिलीनची (कापडासारखं दिसणारं प्लास्टिक) ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा. सुती पिशवी वाईट असा याचा अर्थ नाही. ती गटार तुंबवत नाही, जनावरांच्या पोटात साचत नाही. पण दर समारंभात नवी सुती पिशवी वाटणं हे कचरा कमी करणं नव्हे.

आता बाटलीकडे येऊ, कारण गोळा करण्याच्या कामात अनामतीसारखं दुसरं हत्यार नाही. जर्मनीत १ जानेवारी २००३पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर अनामत आहे, आज ती २५ सेंट. पेय भरणारी कंपनी घाऊक व्यापाऱ्याकडून २५ सेंट घेते, तो दुकानदाराकडून, दुकानदार गिऱ्हाइकाकडून. परतीचा प्रवास यंत्रातून. रिकामी बाटली आडवी घातली की यंत्र ती फिरवतं, बारकोड वाचतं, खास शाईने छापलेली खूण तपासतं, आकार आणि वजन ताडून पाहतं. अर्धी भरलेली असली तर परत ढकलतं. म्हणून बाटली चुरगळून आणायची नसते, लेबलही फाडायचं नसतं; खूण वाचता आली नाही तर पैसे नाहीत. सगळं जुळलं की पावती मिळते आणि मागच्या बाजूला बाटली लगेच चेपली किंवा चिरली जाते. ही पायरी वाहतुकीची जागा वाचवण्यासाठी आहे असं वाटतं. तेही खरंच, पण मुख्य कारण असं की अखंड राहिलेली बाटली म्हणजे पुन्हा वटवता येणारी हुंडी. कोलोनमध्ये एकाने यंत्रात फेरफार करून ही पायरीच चुकवली आणि एकच बाटली १,७७,४५१ वेळा परत केली. गुणिले २५ सेंट, म्हणजे ४४,३६२ युरो. २०१६ साली त्याला दहा महिन्यांची शिक्षा झाली.

सुरुवातीला जर्मनीचीही फजिती झाली. पहिली तीन वर्षं दुकानांच्या साखळ्या आपापल्या खास आकाराच्याच बाटल्या परत घेत. एकीकडे घेतलेली बाटली दुसरीकडे चालत नसे. १ मे २००६पासून नियम बदलला: ज्या सामग्रीच्या बाटल्या विकता, त्या सामग्रीच्या सगळ्या परत घ्या, कुठूनही घेतलेल्या असोत. फक्त २०० चौरस मीटरपेक्षा लहान दुकानांना आपण विकतो तेवढेच ब्रँड घ्यायची मुभा. आज तिथे अशा बाटल्या ९५ टक्क्यांहून जास्त परत येतात.

पण त्या कायद्याचा मूळ हेतू काय होता? पुन्हा भरायच्या बाटल्या वाचवणं. १९९१च्या नियमात त्यांचा वाटा ७२ टक्क्यांच्या खाली गेला तर अनामत लागेल अशी धमकी होती. तो गेला, अनामत लागली, आणि त्यानंतरही तो घसरत अर्ध्याच्या खाली आला. गिऱ्हाइकाला दोन्ही बाटल्या परतच न्यायच्या, मग हलकी प्लास्टिकची काय वाईट? शिवाय पुन्हा भरायच्या बिअरच्या काचेच्या बाटलीवर अनामत ८ सेंट आणि फेकायच्या बाटलीवर २५. कुठली कुठल्या कामाची, याचा लोकांच्या डोक्यात गोंधळ. रिसायकलिंगचं काम उत्तम झालं, कमी करण्याचं राहून गेलं.

परत न आलेल्या बाटलीची अनामत कोणाच्या खिशात जाते, हा प्रश्न तपशिलातला वाटतो, पण गोम तिथेच आहे. ती भरणाऱ्या कंपनीकडे राहिली, तर बाटली हरवण्यात कंपनीचा फायदा. नॉर्वेने या गाठीवर वेगळा उपाय शोधला. तिथे पेयाच्या वेष्टनावर पर्यावरण कर आहे, आणि परतीचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की तो उतरायला लागतो. ९५ टक्के गाठले की शून्य. त्यामुळे यंत्रं कुठे ठेवायची, ती बंद पडली तर किती तासांत दुरुस्त करायची, याची काळजी कंपन्या स्वतःच करतात.

गोळा झालेला माल वर्गीकरण केंद्रात काय दिवस काढतो, तेही जरा जवळून बघायला हवं. मिश्र कचरा पट्ट्यावरून चाळणीकडे जातो. पाच सेंटिमीटरपेक्षा लहान वस्तू चाळणीतून खाली पडतात आणि काचेच्या चुऱ्यासोबत बाद होतात. सुटी झाकणं तिथेच हरवतात. पातळ पिशव्या आणि फिल्म चाळणीच्या फिरत्या चकत्यांना गुंडाळून बसतात. मग यंत्र थांबवायचं, आणि माणसाने आत उतरून सुरीने ती कापून काढायची. पुढे अवरक्त किरणांचा डोळा प्रत्येक वस्तूवरून परतलेला प्रकाश वाचून प्लास्टिकची जात ओळखतो आणि हवेच्या झोताने ती उडवतो. काजळीने काळी केलेली थाळी हा प्रकाश गिळून टाकते, म्हणून ती डोळ्याला दिसतच नाही. पीईटी (पाण्याच्या-पेयांच्या बाटल्यांचं नेहमीचं प्लास्टिक) बाटलीवर गळ्यापासून तळापर्यंत दुसऱ्या प्लास्टिकचं लेबल ताणलेलं असेल, तर डोळा लेबल वाचतो, बाटली नाही.

मग चुरा करून गरम पाण्यात, कॉस्टिक सोड्यात धुणं. पीईटीची घनता १.३८च्या आसपास, ती बुडते. झाकणाचं प्लास्टिक तरंगतं, ते वरून काढून घेतात. म्हणून झाकण लावूनच बाटली द्या असं आता सांगतात. घोळ होतो पीव्हीसी या दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकमुळे. तेही बुडतं, आणि पीईटी वितळवताना २७० अंशांच्या आसपास त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. लाखात पाच-दहा भाग पीव्हीसीसुद्धा अख्खा घाणा पिवळा आणि ठिसूळ करायला पुरतं. ओला चुराही चालत नाही: वितळताना पाणी रेणूंच्या साखळ्या तोडतं, बाटली फुगवण्याची ताकद जाते आणि मालातून धागा किंवा पट्टीच निघते. म्हणून वितळवण्याआधी ओलावा दशलक्षात ५० भागांच्या खाली आणावा लागतो.

यातलं बहुतेक सारं नागरिकाच्या हातात नसतं, बाटली आखणाऱ्याच्या हातात असतं. त्यामुळे अलीकडचे नियम तिकडे वळलेत. युरोपीय संघात ३ जुलै २०२४पासून तीन लिटरपर्यंतच्या पेयाच्या बाटलीचं प्लास्टिकचं झाकण बाटलीला जोडलेलंच हवं. पिताना ते नाकाला लागतं म्हणून लोक वैतागतात, पण चाळणीतून ते आता पडत नाही. पीईटी बाटलीत २५ टक्के रिसायकल केलेला माल २०२५पासून सक्तीचा आहे, २०३०पासून ३० टक्के. ही सक्ती नसेल तर तेलाचे भाव पडल्या दिवशी नवं प्लास्टिक स्वस्त होतं आणि धुतलेला चुरा गोदामात पडून राहतो. ब्रिटनने एप्रिल २०२२पासून तोच परिणाम कराने साधायचं ठरवलं: ३० टक्क्यांपेक्षा कमी रिसायकल माल असलेल्या वेष्टनावर टनाला २०० पौंड. हा दर नंतर वाढत गेला.

राहिला आकडा कुठे मोजायचा, हा प्रश्न. अनेक वर्षं गोळा केलेला किंवा वर्गीकरणातून बाहेर पडलेला गठ्ठा म्हणजे रिसायकल झालेला माल, असं बहुतेक देश धरत. त्यातले कित्येक गठ्ठे जहाजाने चीनला जात. १ जानेवारी २०१८पासून चीनने घरगुती प्लास्टिक कचऱ्याची आयात बंद केली, उरलेल्या बऱ्याच मालासाठी भेसळीची मर्यादा अर्ध्या टक्क्यावर आणली, आणि कचरा पाठवणाऱ्या देशांत गठ्ठ्यांच्या थप्प्या लागल्या. युरोपीय संघाने नंतर मोजण्याची जागा पुढे सरकवली. आता वजन धरतात ते पुनर्प्रक्रियेच्या यंत्रात प्रत्यक्ष शिरणाऱ्या मालाचं. ओलावा, माती, चुकीचं प्लास्टिक वजा करून. त्याने टक्केवारी खाली आली, एकही बाटली कमी गोळा न होता.