शनिवारी रात्री अडीच म्हणजे नेमका कोणता वार?

मंडळी, आधी मीच एक प्रश्न विचारतो. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'शनिवारी रात्री अडीचला पाणी येणार.' तुम्ही कोणत्या रात्री उठाल? शनिवारचं जेवण झालं, झोपलो, त्याच रात्री. बरोबर आहे, सोलापुरात ह्याची कुणाला शंका यायची नाही. आपल्या डोक्यातला वार सकाळी उजाडल्यावर बदलतो. पंचांगातसुद्धा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंतच धरतात. यंत्राचा वार मात्र रात्री बाराच्या ठोक्याला पालटतो. त्याच्या हिशेबात काकूंचं पाणी रविवारी ०२:३० ला येतं. तुम्ही भाबडेपणानं यंत्रात 'शनिवार, अडीच' असं भरलंत, तर ते शुक्रवारच्या रात्रीच घंटा वाजवून मोकळं होतं.

आजचा विषय स्मार्ट घरातली तारीख आणि वेळ. दिवे, पंखे हे सगळं आलंच, पण मी पाण्यावरूनच बोलणार. उजनी भरलेलं असो की नसो, आपला नळ काही दिवसांच्या आडच येतो. आमच्या गल्लीत सध्या पाच दिवसांनी. माझ्याकडे होम असिस्टंट आहे. घरातली उपकरणं आपोआप चालवणारी, २०१३ साली सुरू झालेली, फुकट मिळणारी प्रणाली. रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्या संगणकावर ती चालते. पाण्याच्या वेळी हौदाजवळचा दिवा लागतो आणि स्वयंपाकघरात घंटा वाजते, एवढंच काम. नळाला थेट मोटार लावणाऱ्यांनी माझ्याकडून काही अपेक्षा ठेवू नये.

'अमुक वेळ झाली की अमुक कर' असा जो नियम प्रणालीला देतात, त्याला ऑटोमेशन म्हणतात. सुरुवातीला मी वेळ त्या ऑटोमेशनच्या पोटातच लिहून टाकली होती. पाण्याचा दिवस सरकला की आईचा दुकानात फोन, 'अरे, तुझ्या मशीनला सांग, उद्या येणारे.' गिऱ्हाईक समोर, हातात सोल्डरिंग, आणि मी मोबाईलवर ऑटोमेशन उघडून बसलोय. म्हणजे दिवस कोणाला ठाऊक? आईला. बदलायचा कोणी? मी. हे उलटं होतं. आईकडे स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका आहे, तिच्यावर पेन्सिलीनं गोल केलेला असतो. तो पेन्सिलीचा गोल मला पडद्यावर हवा होता.

त्यासाठी जी सोय आहे तिला हेल्पर म्हणतात. सेटिंग्जमध्ये डिव्हायसेस अँड सर्व्हिसेस, तिथे हेल्पर्स, आणि त्यात तारीख किंवा वेळ ठेवणारा प्रकार निवडायचा. नाव द्या 'पुढचं पाणी'. मग तो तीन पर्याय विचारतो: नुसती तारीख, नुसती वेळ, की दोन्ही. ऑटोमेशनला आकडा लिहायचाच नाही, 'पुढचं पाणी' मध्ये जे असेल तेव्हा चालू हो, एवढंच सांगायचं.

त्या तीन पर्यायांवर थोडं थांबू, कारण मी तिथेच आपटलोय. नुसती वेळ दिली तर ते रोज वाजतं. सकाळच्या गिझरला हे ठीक, पाच दिवसांच्या पाण्याला नाही. म्हणून मी हुशारी करून नुसती तारीख दिली. म्हटलं, त्या दिवशी कधीतरी सांगेल. नुसत्या तारखेला वेळ म्हणजे रात्रीचे बारा! बरोबर ००:०० ला दिवा लागला, घंटा वाजली, बायको बादल्या घेऊन हौदापाशी. नळ कोरडा. पाणी आलं अडीचला, आणि तोवर ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तेव्हा दोन्ही निवडा.

दुसरी खोड 'इनिशियल'ची. काही जण हेल्पर फाईलमध्ये हातानं लिहितात आणि सुरुवातीची किंमत देऊन ठेवतात. दिसायला नीटनेटकं. पण ती किंमत दिली की प्रणाली प्रत्येक वेळी पुन्हा चालू झाल्यावर तिथेच परत जाते. आईनं गुरुवारचा शुक्रवार केला, दुपारी लाईट गेली, लाईट आली, परत गुरुवार. ती ओळ काढून टाका, म्हणजे शेवटी भरलेलं लक्षात राहतं.

लाईटचा विषय निघालाच आहे. ठरलेल्या क्षणी रास्पबेरी पाय बंद असेल, तर तो क्षण गेला. नंतर उठून तो 'अरे, मघाशी वाजवायचं होतं' असं म्हणत नाही. ती तपासणी तुम्हाला वेगळी लिहावी लागते: चालू झाल्याबरोबर बघ, पाण्याची वेळ गेल्या तासाभरातली आहे का. दुसरं म्हणजे पायच्या जुन्या मॉडेलांत घड्याळाची बॅटरीच नाही. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण सेल वेगळा जोडावा लागतो. सेल नसेल तर इंटरनेट येईपर्यंत पाय जुन्याच वेळेत असतो. त्यामुळे पायसोबत राऊटरलाही छोटा यूपीएस लावा. नाहीतर पायला जोडायचं डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळ-सर्किट घ्या, ते बटण सेलवर चालतं.

प्रणालीत टाइम झोन एशिया/कोलकाता, म्हणजे भारतीय वेळ, आहे ना, तेही बघून घ्या. तो यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, राहिला तर अडीचची घंटा सकाळी आठला वाजेल. संध्याकाळच्या दिव्यांना मात्र हेल्पर नकोच, त्यांना सूर्यास्तावर सोडा. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, सोलापूर ७५.९ च्या आसपास. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या साधारण २६ मिनिटं मागे. अक्षांश-रेखांश भरले की तो हिशेब प्रणालीच करते.

मागून ताई विचारतायत, पाच दिवस पुढे कोण ढकलतं? चांगला प्रश्न. तारीख होऊन गेली की हेल्पर गप्प बसतो, चूक दाखवत नाही, फक्त पुन्हा कधी वाजत नाही. म्हणून पडद्यावर 'पाणी आलं' असं बटण ठेवलंय. ते दाबलं की पुढची तारीख भरली जाते. पहिल्यांदा मी 'आत्ता अधिक पाच दिवस' असं लिहिलं होतं. पण आई मध्यरात्री बटण कशाला दाबेल, तिचे हात ओले. ती सकाळी चहाला बसल्यावर दाबते. झालं, पुढचं पाणी सकाळी सात दहाला! मग वेळ जुन्या नोंदीतून घेतली आणि तारीख आजची. तेही फसलं: एकदा पाणी रात्री अकराला आलं, बटण सकाळी दाबलं, पुन्हा एक दिवस इकडचा तिकडे. आता दोन्ही जुन्या नोंदीतूनच घेतो. पाणी उशिरा आलं असेल तर आई आधी तारीख सरकवते, मग बटण दाबते. आणि हो, भिंतीवर पेन्सिलीचा गोल अजूनही करते.