बालदमा, पावसाळा आणि परसातला अडुळसा

मृग लागला की गोव्यातल्या फोंडा, सांगे, सत्तरी या भागांतल्या जुन्या घरांच्या भिंती ओलावतात, कपाटातल्या गोधड्यांना कुबट वास येऊ लागतो आणि धाप लागलेली मुले घेऊन आईवडील माझ्याकडे येऊ लागतात. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात श्वास या विकाराचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला तमकश्वास म्हणजे आपला दमा, आणि तो ढगाळ हवा, पाऊस, थंडी व पूर्वेकडचा वारा यांनी वाढतो, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. आडवे झाल्यावर घुसमट आणि उठून बसल्यावर थोडा आराम, हे त्यातले वर्णन तर मी दर पावसाळ्यात डोळ्यांनी पाहतो: दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरून, खांदे वर उचलून बसलेले मूल. हा विकार याप्य, म्हणजे औषध-पथ्याने आटोक्यात राहणारा. मात्र नुकताच जडला असेल तर तो साध्य होऊ शकतो. मुलांना लवकर आणा, असा माझा आग्रह असतो तो यामुळेच.

अडुळसा तुमच्यापैकी अनेकांच्या कुंपणाला असेल. त्याची ताजी पाने नुसती कुटून रस फारसा सुटत नाही, म्हणून पुटपाक करतात. वाटलेल्या पानांचा गोळा केळीच्या पानात गुंडाळायचा, वर मातीचा जाड लेप द्यायचा, निखाऱ्यात ठेवायचा आणि माती लालसर झाली की आतला गोळा फडक्यात घालून पिळायचा. हिरवट, कडूजहर रस निघतो. वैद्य तो वयानुसार मोजून मधातून देतात; वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध मुळीच चाटवू नये. याच पानांतल्या वासिसीन या द्रव्यावरून पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. खोकल्या-दम्यावर देतात त्या सितोपलादि चूर्णात खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १ भाग असते, म्हणजे निम्म्याहून अधिक साखरच; मधुमेह असलेल्या मुलाच्या बाबतीत हे विसरून चालत नाही.

ही औषधे दोन झटक्यांच्या मधल्या काळातली आहेत. आवळलेल्या श्वासनलिका मिनिटांत मोकळ्या करणे अडुळशाचे काम नव्हे. झाडपाल्याचे औषध सुरू झाले म्हणून घरच्यांनी इनहेलर बंद केलेला एक सहा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला होता. प्रत्येक श्वासाला त्याच्या बरगड्यांमधली जागा आत ओढली जात होती. मी त्याला काढा दिला नाही, थेट इस्पितळात पाठवले. मूल एका दमात वाक्य पुरे करू शकत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर जवळचा इनहेलर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे द्या आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा.

दोन दिवसांत दमा पळवणारी, नावाचा कागद नसलेली पुडी कोणी दिली असेल तर तिच्यात स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. ती मुलाला आणखी देऊ नका, पण बरेच दिवस चालू असेल तर ती थांबवण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि पुडी व इनहेलर दोन्ही बरोबर न्या.